ओळंब्यात बसवलेला टप

फोटो पाहून तुम्ही दोघांनी विचारलंत की आजोबांच्या होडीवर ते पांढरं, काचा लावलेलं घर कुठून आलं. ते विकत आणलेलं नाही. ते इथे कोल्हापुरात झालं, समुद्रापासून घाट ओलांडून तीन-साडेतीन तासांवर, गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या एका माणसाच्या शेडमध्ये. त्यात माझा हात किती होता आणि माझी चूक किती होती, हे दोन्ही तुम्हाला नीट कळावं म्हणून लिहिते आहे. आजोबांना विचाराल तर ते चुकीपासूनच सुरुवात करतील.

होडी तुम्ही एकदाच पाहिली आहे, तीही लहान असताना, म्हणून थोडं सांगते. आजोबा तीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते. त्या तीस वर्षांत त्यांनी समुद्र पाहिला तो इंजिन रूममधून वर आल्यावर, चहा पिण्यापुरता. निवृत्त झाल्यावर त्यांनी सव्वीस फुटी, शिडाची जुनी होडी घेतली आणि विजयदुर्गाच्या खाडीत ठेवली. पावसाळा संपला की महिन्यातले आठ-दहा दिवस ते तिकडे असतात आणि बरेचदा मीही असते. केबिनच्या मागे एक उघडी, खोलगट जागा आहे. तिला कॉकपिट म्हणतात. तिथे बसून सुकाणू धरायचं. समोरून येणारा वारा आणि लाटांचे शिंतोडे सरळ तोंडावर येतात. ते अडवायला पूर्वी एक कापडी आडोसा होता. उन्हाने तो विरला, मग फाटला, आणि आजोबांनी तो काढून टाकला. म्हणाले, "तोंडावर पाणी आलं की समुद्रात आल्यासारखं वाटतं."

गेल्या जूनमध्ये त्यांच्या उजव्या डोळ्यातला वडस काढला. वडस म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे वाढत येणारा मांसाचा पातळ पडदा. उन्हात, वाऱ्यात, खाऱ्या पाण्यात आयुष्य काढणाऱ्यांना तो होतो. ऑपरेशन छान झालं. पण डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या आहेत. त्या म्हणाल्या, "काका, परत वारा आणि खारं पाणी डोळ्यात गेलं की हा परत येईल, आणि या खेपेला बुबुळावर चढेल. गॉगल लावून भागणार नाही. एकतर आडोशात बसा, नाहीतर घरी बसा."

गणपती चार दिवसांवर आले असताना आजोबा सकाळी वर्तमानपत्राची घडी घालता घालता म्हणाले, "दिवाळीनंतरच्या रविवारी गोव्याहून एक गृहस्थ येणार आहेत. होडी बघायला."

"बघायला म्हणजे?"

"घ्यायला."

मी चाळीस वर्षं या माणसाबरोबर राहते आहे. त्यांनी एखादी गोष्ट इतक्या सपाट आवाजात सांगितली की ती त्यांना सर्वांत जास्त लागलेली असते. मी विचारलं, "आडोशात बसा असं बाई म्हणाल्या ना? मग आडोसा करू. कापडी नको, पक्का करू."

"कोण करणार?"

"मी."

ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून मला रागही आला नाही.

तुम्हाला माहीत आहे, मी शाळेत गणित शिकवत होते. माझी एक सवय अजून गेलेली नाही. कुठलंही काम हाती घेतलं की आधी नवी वही. दोन दुपारी बसून मी परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले. कोणी गॅरेजमध्ये, कोणी कोठारात, आपापल्या होडीसाठी असा टप करत होते. ते त्याला हार्ड डॉजर म्हणतात. आपल्याकडे जीपच्या छपराला टप म्हणतात, तोच शब्द मी वहीवर लिहिला. पद्धत मला पटकन समजली. लाकडाच्या फासळ्या उभ्या करायच्या, त्यावर पातळ प्लायवूड वाकवून दोन थरांत चिकटवायचं, वर-खाली फायबरचं कापड रेझिन नावाच्या चिकट रसात भिजवून बसवायचं, पुढे आणि बाजूंना काचा. काच म्हणजे खरी काच नव्हे, ॲक्रिलिक. मला तर वाटलं, हे शिवणकामच आहे, फक्त कापड कडक आहे.

गणपती विसर्जन झाल्यावर आम्ही माप घ्यायला खाडीवर गेलो. होडी तेव्हा पाण्याबाहेर होती. पावसाळ्यात ती वर ओढून, लाकडाचे टेकू देऊन ठेवतात. डोलकाठीही उतरवलेली असते. आजोबांना धूळ आणि ऊन दोन्ही वर्ज्य होतं, म्हणून त्यांना मी पन्नास पावलांवरच्या एका घराच्या पडवीत खुर्ची देऊन बसवलं. होडीची देखभाल करणारा म्हातारा तांडेल त्या आठवड्यात मुलीच्या गावी गेला होता. त्यामुळे शिडी, पट्टी, फ्रिजच्या खोक्याचे मोठे पुठ्ठे आणि मी, एवढेच होडीवर होतो.

आणि ओळंबा होता. आमच्या कंपाउंडची भिंत बांधणाऱ्या गवंड्याकडून मी तो मागून आणला होता. दोरीला टांगलेलं पितळी वजन, खाली टोकदार. त्याने मला भिंत बांधताना एक वाक्य ऐकवलं होतं, ते मी तिथे पाळलं: जमीन कशीही असो, भिंत ओळंब्यात पाहिजे. होडी टेकूंवर डावीकडे किंचित कललेली आहे हे मला दिसत होतं. मी ती चूक समजले आणि दुरुस्त केली. प्रत्येक कोपऱ्यावर ओळंबा सोडून मी माप घेतलं. पुठ्ठे कापून डेकच्या गोलाईवर अगदी नखभर फट न ठेवता बसवले. वरची कड पाण्याच्या नळीने लेव्हल केली. मग खाली उतरून आजोबांना पडवीत बाकावर बसवून, बाकापासून त्यांच्या डोळ्यापर्यंतची उंची मोजली. शिंपी मोजतो तशी.

"मान वर करू का?" त्यांनी विचारलं.

"सुकाणू धरता तेव्हा जशी असते तशी ठेवा."

"तेव्हा मी शिव्या देत असतो."

"मग द्या."

बसून काचेतून दिसलं पाहिजे आणि उभं राहून टपावरून दिसलं पाहिजे, असं दोन्ही साधायचं होतं. घरी परतताना गगनबावड्याच्या घाटात मी वही मांडीवर घेऊन आकडे पुन्हा पुन्हा तपासत होते. एकही आकडा खोडावा लागला नाही. त्या दिवशी मी फार खूश होते.

कोल्हापुरात फायबरचं काम येणारी माणसं कमी नाहीत. बसच्या बॉडीला ठिगळ लावणारे आहेत, पाण्याच्या टाक्या करणारे आहेत. पण मला हव्या त्या गोलाईचं काम मी एकाच ठिकाणी पाहिलं होतं. पंचगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मूर्तिकाराची पत्र्याची शेड आहे. तो मंडळांसाठी फायबरच्या मोठ्या मूर्ती, हत्ती, बैल, सिंहासनं करतो. त्याची थोरली मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून तो मला बाई म्हणतो. गणपती संपले होते, शेडमध्ये रिकामे साचे आणि दोन बिनसोंडेचे हत्ती उभे होते. मी त्याच्यापुढे पुठ्ठे मांडले.

"हे काय म्हणायचं, बाई? मखर?"

"होडीचा टप."

"कुठल्या होडीचा? रंकाळ्यातल्या?"

"समुद्रातल्या."

त्याने पुठ्ठ्यांभोवती एक फेरी मारली. मग हत्तीच्या पाठीवर हात टेकून म्हणाला, "आजवर माझं सगळं काम पाण्यात बुडवायसाठी केलं, बाई. न बुडणारं काम पयलंच."

मी म्हटलं, "फायबरच्या मूर्ती कुठे बुडवतात?"

"बापानं केलेल्या बुडवायचे की. धंदा एकच." आणि मग लगेच, "करतो. कधी पायजे?"

"दिवाळीच्या आधी."

"सायेब घाईत हायत?"

त्याला मी डोळ्याचं आणि गोव्याच्या गृहस्थांचं सांगितलं. त्याने पुठ्ठे उचलून भिंतीशी उभे केले. पुढचा महिनाभर मी रोज दहाला शेडवर जात होते आणि दीडला जेवायला घरी येत होते.

ते दिवस मला अजून हातांत जाणवतात. लाकडाच्या फासळ्या उभ्या राहिल्या तेव्हा ते एखाद्या जनावराच्या सांगाड्यासारखं दिसलं. प्लायवूड वाकेना. मूर्तिकाराने गोणपाट उकळत्या पाण्यात भिजवून वर अंथरलं, अर्ध्या तासाने प्लाय मऊ पडलं, आणि आम्ही दोघांनी दोन टोकांना लोंबकळून ते फासळ्यांवर आणलं. साठी उलटलेल्या बाईने प्लायवूडला लोंबकळावं की नाही हा प्रश्न त्या वेळी सुचला नाही. गोंद वाळेपर्यंत वर वजन पाहिजे होतं. विटा टोचत होत्या. मूर्तिकाराचा चुलता गुऱ्हाळ चालवतो. तो टेम्पोतून गुळाचे रवे, म्हणजे मोठ्या ढेपा, घेऊन बाजारात निघाला होता, त्याला थांबवलं आणि वीसेक रवे दोन दिवसांसाठी उतरवून घेतले. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, ओळीने, वाकलेल्या प्लायवर मांडले. गुळाचं वजन एकसारखं बसतं, कोपरे बोथट असतात, प्लायला वळ उठत नाही. हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र शेडमधल्या समस्त मुंग्या आमच्या टपावर होत्या. रेझिन लावायच्या आधी आम्ही त्या झाडल्या, तरी एक राहिलीच. उजव्या काचेच्या वर, पांढऱ्या रंगाखाली, बारीक टिंब आहे, ती ती मुंगी.

रेझिनने तर मला वेडच लावलं. मगात त्याच्यात घट्ट करणारं रसायन कालवलं की ते पंधरा मिनिटं आपलं ऐकतं, नंतर ते आपल्याला ऐकवतं. पहिल्या दिवशी मी मोठा मग भरून कालवला. मूर्तिकार म्हणाला, "बाई, एवढं न्हाय. गरम हुतंय." मी म्हटलं, प्रमाण बरोबर आहे, वहीत लिहिलं आहे. प्रमाण बरोबरच होतं. तरी हातातला मग धुमसायला लागला, त्याचा तळ वाकडा झाला आणि मूर्तिकाराने तो चिमट्यात धरून अंगणात नेऊन ठेवला.

"वहीत ह्येबी लिवा," तो म्हणाला.

मी लिहिलं. त्यानंतर लहान वाट्या वापरल्या. फायबरचं कापड त्या पातळ मधासारख्या रसात भिजलं की दुधी दिसायचं बंद होतं आणि एकदम काचेसारखं होतं, खालच्या लाकडाच्या रेषा दिसायला लागतात. प्रत्येक वेळी ते पाहताना मी हातातला ब्रश विसरत असे.

रस्त्यावरून जाणारे थांबत. दूधवाला सायकल टेकवून विचारत होता, "पावणं, नवीन रिक्षा काढली काय?" एका मंडळाचे कार्यकर्ते येऊन पुढच्या वर्षीच्या देखाव्यासाठी हीच गुहा द्या म्हणाले. मूर्तिकार सगळ्यांना एकच उत्तर देई, "समुद्राचं काम हाय," आणि पुन्हा घासायला बसे.

आमचं एकदाच वाजलं. बाहेरचा भाग त्याने असा घासला की त्यात तोंड दिसावं. आत मात्र फायबरची कुसळं तशीच उभी होती. मी हात फिरवला आणि तळहातात बारीक काटे गेले.

"आत कधी घासणार?"

"आत कशाला? मूर्तीच्या पाठीमागं कोन जातंय बघायला?"

"हिच्या पाठीमागेच माणूस बसणार आहे. बाहेरून मासे बघतील."

त्याने थोडा विचार केला. "मग उलटंच काम झालं की हे," म्हणाला आणि टप उताणा करून तीन दिवस आतून घासत राहिला.

आणि एक गोष्ट त्याने विचारली होती, ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. फासळ्या कापायच्या दिवशीच तो म्हणाला होता, "डावी बाजू चार बोटं उंच हाय की, बाई. उजवी कमी. आसं आसतंय व्हय?"

मी म्हटलं, "जमीन तशी आहे. मी ओळंबा लावून माप घेतलं आहे. ओळंबा खोटं बोलत नाही."

"तुमचं माप तुमच्यापाशी," तो म्हणाला आणि करवत उचलली.

दिवाळीला चार दिवस असताना टप मूर्तिकाराच्या टेम्पोत चढला. त्याने तो गणपतीला बांधतात तसाच बांधला, खाली गवत, चारी बाजूंनी गोणपाट, दोऱ्यांच्या गाठी देवाच्या पायाशी मारतात तशा खाली. पुढे नारळ ठेवला. आजोबा आणि मी मागून मोटारीतून निघालो. ते काळा गॉगल लावून सगळा रस्ताभर त्या टेम्पोकडे बघत होते. घाटातल्या टपरीवर चहाला थांबलो तेव्हा त्यांनी उतरून गोणपाट बाजूला केलं आणि आतून हात फिरवला. मग दुसरा चहा मागवला.

होडी अजून टेकूंवरच होती. मूर्तिकार, मी आणि खाडीवरची दोन पोरं अशा चौघांनी टप वर चढवला आणि तो जागेवर असा बसला की कडेखालून कागदही जाईना. मी ओळंबा सोडला. काटेकोर. मूर्तिकाराने माझ्याकडे पाहून मान डोलावली. आजोबा या वेळी शिडीवरून वर आले, बसले, काचेतून समोर पाहिलं, उभे राहिले, वरून पाहिलं. म्हणाले, "तू हे केलंस?" त्यांच्या आवाजातून तीस वर्षांची इंजिन रूम निघून गेली होती. आठ बोल्ट घालून आम्ही टप पक्का केला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला होडी पाण्यात सोडायची होती. आदल्या दिवशी नसलेला तांडेल आता हजर होता. होडी उतारावरून घसरत गेली, पाण्याने तिला उचललं, ती एकदा इकडे एकदा तिकडे डुलली आणि मग आपल्या जागी, सरळ, शांत बसली.

टप मात्र सरळ नव्हता. डावीकडून चार बोटं वर, उजवीकडे झुकलेला. लग्नात कोणाची टोपी कानावर घसरावी आणि त्याला पत्ता नसावा, तसा.

आम्ही चौघंही जेटीवर उभं राहून बघत राहिलो. पहिल्यांदा मूर्तिकार बोलला, पण माझ्याकडे न बघता. "रातीत हाललं आसंल."

डोलकाठी उभी केल्यावर आणखी वाईट कळलं. शिडाच्या खालची आडवी दांडी वाऱ्याबरोबर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरते. ती फिरवून पाहिली तर डावीकडे टपाच्या उंच कडेवर धाडकन आपटली. म्हणजे हा टप ठेवून शिडं लावता येणार नव्हती आणि टप काढला तर आजोबांना बसता येणार नव्हतं. रविवार आठ दिवसांवर होता.

तांडेल डेकवर चढला. टपाच्या दोन्ही कडांना हात लावून पाहिलं आणि मला विचारलं, "वयनी, ह्यां माप कोणी घेतल्यान?"

"मी."

"ओळंबो लावललात की काय?"

मी हो म्हटलं. तो खाली बसला आणि हसायला लागला. वाईट हसला नाही, पण खूप वेळ हसला. "होडयेक ओळंबो नसता वो, वयनी. ती टेकवार कलान उभी होती. ती जमिनीचा कशाक ऐकतली? होडयेची सरळ रेघ होडयेतच असता."

मूर्तिकाराने हळूच मला विचारलं, "पावणं काय म्हणत्यात?"

मी त्याला समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता मलाही पहिल्यांदा नीट समजलं. घर जमिनीला बांधलेलं असतं, म्हणून त्याचं सरळ-वाकडं जमिनीवरून ठरतं. होडी कशालाच बांधलेली नसते. मी तिची चूक दुरुस्त केली नव्हती, टेकूंची चूक तिच्या डोक्यावर कायमची बसवली होती. शाळेत जन्मभर मुलींना सांगत आले, आधी कुठून मोजता ते ठरवा, मग मोजा.

आजोबा अजून जेटीवरच होते. म्हणाले, "राहू दे. छान दिसतो तसाही. त्या गृहस्थांना सांगू, टप काढून घ्या." तोच सपाट आवाज होता.

मूर्तिकाराने वहाणा काढल्या आणि तो होडीवर उतरला. आयुष्यात पहिल्यांदा होडीवर पाय ठेवत होता, त्यामुळे आधी गुडघ्यांवर बसला. मग टपाच्या बुडाला हात लावत म्हणाला, "सायेब, आमच्यात मूर्ती कधी कापत न्हाईत. ट्रॉली वाकडी आसंल तर पाट कापतो. ह्याचा पाट कापू."

आणि तो दिवस मग असा गेला की मला भूक लागल्याचंही कळलं नाही. तांडेलाने होडीच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत, डोलकाठीच्या बुंध्याला लागून, एक सुतळी ताणली. ती होडीची सरळ रेघ. तिच्यापासून दोन्ही कडा सारख्या अंतरावर, आणि डोलकाठीवरच्या एका खुणेपासून वरचे दोन्ही कोपरे सारख्या लांबीवर. आम्ही बोल्ट काढले आणि उजव्या बाजूखाली पाचरी ठोकत ठोकत टप उचलत नेला. मी पट्टी धरून आकडे ओरडत होते, तांडेल त्याच्या भाषेत ओरडत होता आणि मूर्तिकार दोघांनाही "व्हय की, व्हय की" म्हणत होता. दोन्ही बाजूंचा आकडा एक आला तेव्हा उजव्या बाजूखाली चार बोटं मोकळी फट होती. मग चार बोटं जाडीचा एक लाकडी ठोकळा घेतला, त्याच्या माथ्यावर पेन्सिल धरली आणि ठोकळा डेकवरून टपाच्या बुडाभोवती सरकवत नेला. डेक जसं वर-खाली होतं, तशीच रेघ टपावर उमटत गेली. डावीकडे पूर्ण चार बोटं वर, उजवीकडे शून्यावर येऊन संपलेली. आता मापच नको होतं, होडीने स्वतःच आपली रेघ काढून दिली होती.

टप जेटीवर आणून कापायला घेतला. फायबरची धूळ डोळ्यांना सर्वांत वाईट, म्हणून मी आजोबांना वारा येतो त्या बाजूला, दूर, आमच्याकडे पाठ करून उभं केलं. ज्या माणसासाठी हे चाललं होतं त्याला एकट्यालाच ते बघायची मुभा नव्हती. दर पाच मिनिटांनी त्यांचा आवाज येई.

"झालं?"

"नाही."

"रेघेच्या बाहेरून कापा म्हणावं."

"बाहेरूनच कापताहेत."

"करवतीचा आवाज आतून कापल्यासारखा येतोय."

मूर्तिकार म्हणाला, "सायबांचे डोळे गेले तर कानावर काम चालंल." आजोबा पाठमोरेच हसले, खांदे हलताना दिसले.

कापण्यासाठी काचा उतरवताना एक गेली. स्क्रू घट्ट होता, ॲक्रिलिक टक् करून तडकलं. जादा तुकडा आम्ही आणला होता. या खेपेला भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडली आणि खाली रबर घातलं. उघड्या कडांना रेझिन लावून ते वाळायला दोन दिवस दिले. तिसऱ्या दिवशी टप पुन्हा चढवला. उजवीकडे जरा घासावा लागला, मग खाली बसला. आडवी दांडी फिरवून पाहिली. डावीकडून दोन बोटं वरून गेली. उजवीकडूनही दोन.

वाऱ्याची वाट बघायला लागली नाही. दुपारी खाडीच्या तोंडाशी पांढरे फेस दिसत होते. आजोबा सुकाणूवर, तांडेल शिडाच्या दोरांवर, मी केबिनच्या दारात आणि मूर्तिकार कॉकपिटच्या कोपऱ्यात दोन्ही हातांनी टपाची कड धरून. किल्ल्याची भिंत डावीकडून सरकत गेली आणि मोकळ्या समुद्राचा वारा समोरून आला. होडी एका बाजूला कलली. मूर्तिकाराने डोळे मिटून विचारलं, "आता ह्यो बी वाकडा झाला की?"

"सगळेच झालो," मी म्हटलं. टप होडीबरोबर कलला होता, जसा कलायला हवा होता तसाच.

मग पहिली मोठी लाट पुढच्या टोकावर फुटली. पाण्याचा अख्खा पडदा उठून आमच्याकडे आला. मी मान खाली घातली, मूर्तिकाराने घातली, तांडेलानेही घातली. काचेवर थाड आवाज झाला आणि पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून डेकवरून निघून गेलं. मी वर पाहिलं. आजोबांनी मान हलवलीच नव्हती. गॉगल काढून शर्टाच्या खिशात ठेवलेला, दोन्ही डोळे उघडे, गालावर एक थेंबही नाही. ते पुढच्या लाटेकडे बघत होते आणि तिच्या बरोबर मध्ये होडी नेत होते. ती फुटली, मग तिसरी. त्यांनी होडी वळवायचं नावच काढलं नाही. तांडेल दोनदा म्हणाला, "परतूया काय?" ते दोन्ही वेळा "हो" म्हणाले आणि पुढे गेले.

परत खाडीत शिरताना त्यांचा फोन वाजला. गोव्याचे गृहस्थ होते. रविवारी कुठल्या रस्त्याने यायचं, असं विचारत होते. आजोबांनी एका हाताने सुकाणू धरून त्यांना सगळा रस्ता नीट सांगितला. कुठे डावीकडे वळायचं, कुठला फाटा चुकतो, कुठे खड्डे आहेत. मग म्हणाले, "जेवायलाच या. होडी द्यायची नाही आता, पण तुम्हाला फिरवून आणतो. कोरडेच परत याल."

फोन खिशात टाकून त्यांनी मूर्तिकाराला सुकाणूजवळ बोलावलं. तो आधी नको म्हणाला. मग धोतर खोचून आला आणि दोन्ही हातांनी धरून बसला. आजोबा त्याच्या शेजारी, टपाच्या आडोशाला, पाय लांब करून, डोळे उघडे ठेवून बसले होते.